सध्या हातात काय आहे? (अट: पुस्तक अजून संपलेलं नसावं)

पानखूण

पुस्तक संपलं की आपण त्याच्याबद्दल फार शहाण्यासारखं बोलायला लागतो. लेखकाचं काय चुकलं, शेवट कसा हवा होता, पात्रं किती खरी वाटली, सगळं नीट मांडून सांगतो. पण तेच पुस्तक मध्येच खूण घालून उशाशी ठेवलेलं असताना मनात जे चालू असतं ते वेगळंच असतं. तेव्हा आपण एखाद्या पात्रावर खरोखर चिडलेलो असतो, कुणाची तरी काळजी करत असतो. ते कुठेच लिहिलं जात नाही आणि चार दिवसांनी आपल्यालाही आठवत नाही. म्हणून हा धागा. कुठवर आलात, काय धरून ठेवतंय, कुठे अडलात, ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. मी विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' वाचतेय. वरसईचा एक भिक्षुक, घरावर कर्ज. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत असं कानावर येतं, आणि दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल या आशेने हा माणूस काकांबरोबर १८५७ साली घर सोडतो. साल वाचल्यावरच आपल्या पोटात गोळा येतो, त्याला मात्र काहीच ठाऊक नाही. इंदूरजवळच्या महूच्या आसपास पोचल्यावर त्याला पुढे काय वाढून ठेवलंय त्याचा पहिला सुगावा लागतो.

मी आता त्याच्याबरोबर झाशीत आहे. वेढा पडलाय. मला हे पुस्तक सोडवत नाही त्याचं कारण म्हणजे हा माणूस लढवय्या नाही आणि इतिहासकारही नाही. त्याला भीती वाटते, तो लपतो, भूक लागली की तसं सांगतो, आणि गाठीच्या पैशांची काळजी करतो. इतकी मोठी घटना इतक्या साध्या उंचीवरून पाहिलेली मी आधी वाचली नव्हती. काल रात्री वेढ्याच्या मध्यावर पुस्तक मिटलं आणि मग झोपच येईना.

तुमचं काय चालू आहे?

रातकिडा

विश्राम बेडेकर, 'रणांगण'. निम्म्यावर आलोय. लहानसं पुस्तक आहे, मनात आणलं तर एका बैठकीत संपेल. मला चौथा दिवस आहे.

युरोपातून हिंदुस्थानाकडे येणारी बोट, तिच्यावर जर्मनीतून बाहेर पडावं लागलेले ज्यू, आणि त्यांच्यात हेर्टा. चक्रधर आणि तिची ओळख वाढत जाते. हळू वाचण्याचं कारण असं की हे पुस्तक १९३९ मध्ये प्रसिद्ध झालंय. युरोपात पुढच्या पाच-सहा वर्षांत काय होणार आहे हे लिहिणाऱ्याला माहीत असणं शक्यच नव्हतं, आणि मला माहीत आहे. बोटीवरची माणसं हसतात, भांडतात, पुढचे बेत करतात आणि मला प्रत्येक वाक्यानंतर थांबावंसं वाटतं. लेखकापेक्षा वाचकाला जास्त ठाऊक असण्याचा हा अनुभव विचित्र आहे. पानखूण, तुमच्या १८५७ सालाच्या पोटातल्या गोळ्याशी याचं नातं आहे बहुतेक.

चष्मिष्ट

रातकिडा, शेवटाला पोचलात की आधी इथे या. कारण शेवटी हेर्टा

रातकिडा

थांबा! एक शब्दही नको.

चष्मिष्ट

थांबले. वाक्य तिथेच तोडलंय, बघा. पण तुम्ही नक्की या.

झुळूक

दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र'. चैत्रात सुरू केलं आणि ज्या महिन्यात जे प्रकरण तेच वाचायचं असं ठरवलंय. पुढचं पान उलटायचा मोह होतो, पण त्या महिन्यातलं झाड बाहेर दिसल्याशिवाय शब्द पुरते कळत नाहीत असा अनुभव आहे. फुलं, पालवी, पक्षी, ढगांचे रंग, सगळं त्यांनी इतक्या जवळून पाहिलंय की ते वाचून मी रोजच्या रस्त्यावरची दोन झाडं पहिल्यांदा नावानिशी ओळखली. तुमची अट मी फाल्गुनापर्यंत पाळणार!

बोरूबहाद्दर

मला या धाग्याची कल्पनाच पटलेली नाही, आणि ते मी स्पष्ट सांगतो. अर्ध्या पुस्तकावर मत देणं हा लेखकावर अन्याय आहे. पुस्तक हा पूर्ण घडवलेला आकार असतो. अर्धी मूर्ती पाहून नाक बसकं आहे म्हणायचं का?

उदाहरण देतो. 'बनगरवाडी' मी पहिल्यांदा वाचायला घेतली तेव्हा तीस-चाळीस पानांत माझं मत तयार झालं होतं: तरुण मास्तर, मागासलेली धनगरवाडी, आता हा सगळ्यांना शिकवून शहाणं करणार. ठरावीक साच्याची गोष्ट. तेव्हा इथे येऊन तसं लिहिलं असतं तर ते मत कायमचं कुठेतरी राहिलं असतं. प्रत्यक्षात माडगूळकर वेगळंच करतात. मास्तर वाडीला जितकं शिकवतो त्याहून जास्त वाडी त्याला शिकवते. आणि मग पाऊस जातो. पाऊस गेल्यावर त्या पुस्तकात जे होतं त्याने आधीच्या प्रत्येक पानाचा अर्थ बदलतो. तालमीच्या बांधकामावर खर्च झालेली ती सगळी पानं मला आधी रेंगाळलेली वाटली होती. पूर्ण वाचल्यावर कळलं की त्याशिवाय शेवट उभाच राहिला नसता.

अर्धविराम

बोरूबहाद्दर, तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध साक्ष दिलीत. तिसाव्या पानावर तुम्हाला काय वाटलं होतं हे तुम्हाला आजही आठवतंय, आणि त्यामुळेच माडगूळकरांनी तुम्हाला कुठून कुठे नेलं हे तुम्ही इतकं छान सांगू शकलात. तीच तर नोंद इथे हवी आहे. अर्ध्यावरचं मत हा निकाल थोडाच आहे? वाटेवर पडलेलं पाऊल आहे ते.

मी 'रारंगढांग' वाचतोय, प्रभाकर पेंढारकरांचं. हिमालयातला उभा कडा, त्याच्या पोटातून काढायचा रस्ता, आणि लष्करी शिस्तीत नव्याने आलेला इंजिनिअर विश्वनाथ. कामगारांच्या जिवापेक्षा कागदावरचा नियम मोठा मानणाऱ्या वरिष्ठांचा मला या क्षणी मनापासून राग आलाय. उद्या कदाचित त्यांचीही बाजू कळेल. आजचा राग आज लिहून ठेवतो.

दूरदेशी

मी एक चूक केलीय किंवा फार चांगलं काम केलंय, अजून ठरत नाही. 'मृत्युंजय' आणि 'युगान्त' एकाच वेळी वाचायला घेतलीत. गंमत म्हणजे दोन्ही १९६७ ची पुस्तकं.

सकाळी शिवाजी सावंतांचा कर्ण. सहा जण आळीपाळीने आपापल्या तोंडून गोष्ट सांगतात आणि प्रत्येकाच्या सांगण्यातून कर्ण अधिकच तेजस्वी होत जातो. वाचताना अंगावर काटा येतो, हे कबूल करायला मला काही वाटत नाही. रात्री 'युगान्त'च्या इरावतीबाई कर्वे. त्या कुणालाच हात जोडत नाहीत. कर्णाने कुठे माती खाल्ली, द्यूतसभेत तो काय बोलला, हे त्या शांतपणे समोर ठेवतात. सकाळी उभारलेला पुतळा रात्री खाली येतो आणि दुसऱ्या सकाळी मी पुन्हा तो उभारायला बसते.

कुणी दोन्ही एकत्र वाचलीत का? शेवटी कोण जिंकतं?

शेवटचंपान

दोघांची स्पर्धाच नाही. सावंतांनी कादंबरी लिहिली, कर्व्यांनी चिकित्सा. कादंबरीत कर्णावर प्रेम करायची मुभा आहे.

बोरूबहाद्दर

मुभा आहे, पण कादंबरीतला कर्णच खरा महाभारतातला कर्ण असं लोक धरून चालतात, तिथे माझं भांडण आहे.

जुनाजाणता

पानखूण, एक विचारतो. तुमच्या हातात 'माझा प्रवास' कुणी संपादित केलेला आहे? पहिल्या पानावर बघा.

पानखूण

काका, चिं. वि. वैद्यांचं नाव आहे. का हो?

जुनाजाणता

तसंच वाटलं होतं. मग थोडं सविस्तर लिहितो, कारण या पुस्तकाच्या बाबतीत हे कळणं आवश्यक आहे.

भटजींनी हे लिहिलं ते प्रवासानंतर बऱ्याच वर्षांनी, वैद्यांच्या आग्रहावरून, मोडी लिपीत. विषय बंडाचा, राज्य इंग्रजांचं. त्यामुळे भटजींच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. १९०७ मध्ये वैद्यांनी प्रसिद्ध केलं. पण जसंच्या तसं नाही. भाषा सफाईदार केली, काही गाळलं, काही आपल्या बाजूने भरलं. अनेक वर्षं मराठी वाचकांनी वाचलं ते हेच पुस्तक, आणि प्रेमाने वाचलं. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी खरी संहिता छापली १९६६ मध्ये. म्हणजे भटजींचे स्वतःचे शब्द लोकांसमोर यायला जवळजवळ साठ वर्षं जावी लागली.

वैद्यांना मी दोष देत नाही. ते नसते तर भटजींनी लेखणी हातात घेतलीच नसती. पण तुम्ही लिहिलंत की 'साध्या उंचीवरून पाहिलेलं', तेव्हा मला वाटलं की ती उंची मूळ संहितेत आणखी साधी आहे. तुम्ही ती नक्की पाहावी.

पानखूण

काका, हे वाचून मी अर्धा तास नुसती बसून होते. खरं सांगते, मला वाईट वाटलं. एखाद्या माणसाशी आठवडाभर रोज रात्री बोलत असावं आणि मग कळावं की मध्ये एक दुभाषा बसला होता आणि त्याने काही वाक्यं आपल्या पदरची घातली होती. कुठली भटजींची आणि कुठली वैद्यांची, आता प्रत्येक ओळीवर शंका येतेय. काल्पीच्या वाटेवर भेटलेल्या राणीला भटजी विहिरीतून पाणी काढून देऊ लागतात, आणि ती त्यांना तसं करू देत नाही, हा प्रसंग पुढे येणार आहे हे मला ऐकून माहीत आहे. त्याची मी वाट बघत होते. आता तो तरी भटजींचाच असू दे असं वाटतंय.

जुनाजाणता

तो त्यांचाच आहे. निर्धास्त वाचा.

निळीशाई

पानखूण, दुभाषा मध्ये बसलेलाच असतो, फक्त कधी कधी तो चांगला असला की दिसत नाही. मी सध्या 'पाडस' वाचतेय. मार्जोरी रॉलिंग्ज यांची मूळ कादंबरी १९३८ ची, मराठीत आणली 'सत्यकथा' मासिकाच्या राम पटवर्धनांनी. फ्लॉरिडातलं झुडपी रान, अस्वलाची शिकार, ज्योडी आणि त्याचा बाप. मी ते रान कधी पाहिलेलं नाही, पण पटवर्धनांच्या मराठीत त्या रानाचा वास येतो. बाप-लेकाचं कमी बोलणं त्यांनी इतकं जपून आणलंय की वाचताना अनुवाद हा शब्दच मनात येत नाही. हरणाचं पिल्लू नुकतंच घरात आलंय. पुढे काय होणार याची मला धास्ती आहे, तेव्हा चष्मिष्ट, कृपया!

दुसरीकडे, हेमिंग्वेच्या कोळ्याची गोष्ट मी मूळ इंग्रजी आणि पु. लं.चं 'एका कोळियाने' समोरासमोर ठेवून वाचून पाहिली. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला म्हातारा. पहिल्याच पानावर कळलं की अडचण शब्दांची नाही. इंग्रजी वाक्यात क्रियापद लवकर येऊन आदळतं, मराठीत ते शेवटी येतं, त्यामुळे तोच ठोका दुसऱ्या जागी पडतो. अनुवादकाने कितीही जीव ओतला तरी ती जागा बदलतेच. हे कळल्यापासून अनुवादकांबद्दलचा माझा आदर वाढलाय.

चष्मिष्ट

निळीशाई, माझ्या तोंडाला कुलूप. उशाशी एक मोठा रुमाल ठेवा, एवढंच सांगते.

निळीशाई

झालं! सांगितलंच की.

उंबरठा

मी थोडी बिचकत लिहितेय, कारण माझं 'वाचन' तुमच्या व्याख्येत बसेल का माहीत नाही. गेल्या वर्षापासून डोळ्यांचा त्रास आहे, बारीक अक्षर पंधरा मिनिटांच्या वर झेपत नाही. म्हणून आता ऐकते. सध्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' चालू आहेत. नातसून रोज तासभर वाचून दाखवते, आणि ती नसेल त्या दिवशी ध्वनिमुद्रण लावते.

हे पुस्तक मी तरुणपणी डोळ्यांनी वाचलं होतं. आता कानांनी वाचताना कळतंय की ते कानांसाठीच आहे. बाई लिहीत नाहीत, समोर बसून सांगतात. त्यांचे पती ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, घर मोडलं, नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. दुसरं कुणी असतं तर शंभर पानं रडून काढली असती. लक्ष्मीबाई त्यातही माणसांच्या लकबी टिपत बसतात, आणि त्या टिपता टिपता असं एखादं वाक्य टाकतात की नातसून वाचता वाचता गप्प होते. मग आम्ही दोघी थोडा वेळ गप्प बसतो. आज त्यांच्या मनातली जात हळूहळू गळून पडतेय, तिथवर आलोय. त्या स्वतः ख्रिस्ती व्हायला अजून वेळ आहे. नातसून म्हणाली, 'आजी, यांना कुणी पटवून दिलेलं नाही, यांनी स्वतः विचार करून गाठ सोडवली.' तिने हे पुस्तक आधी वाचलेलं नाही. तिचं हे वाक्य मला फार मोलाचं वाटलं म्हणून इथे लिहिलं.

शेवटचंपान

उंबरठा आजी, राग मानू नका, पण ऐकणं आणि वाचणं एक नाही असं मला प्रामाणिकपणे वाटतं. वाचताना आपण थांबतो, मागे जातो, एखादी ओळ तीनदा वाचतो. ऐकताना वेग दुसऱ्याच्या हातात असतो. ऐकण्याला कमी लेखत नाही, पण ते वेगळं आहे.

टाकबोरू

शेवटचंपान, मग ज्ञानेश्वरीचं काय करायचं? ती आधी बोलली गेली आणि मग लिहिली गेली. सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली, शके १२१२, म्हणजे १२९० साली. नऊ हजारांवर ओव्या समोर बसलेल्या श्रोत्यांना उद्देशून आहेत. जागोजागी 'ऐका', 'अवधान द्या' म्हटलंय. मराठीतला सर्वांत मोठा ग्रंथ मुळात ऐकायचा ग्रंथ आहे. पुढे शेकडो वर्षं अक्षर न येणाऱ्या माणसांनी तो ऐकूनच पाठ केला. त्यांनी ज्ञानेश्वरी वाचली नव्हती असं म्हणायची माझी तयारी नाही.

'श्यामची आई'सुद्धा बघा. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिली, पण तिची रचना एकेका रात्रीची आहे. श्याम सांगतो, बाकीचे ऐकतात.

शेवटचंपान

टाकबोरू, ज्ञानेश्वरीपुढे माझा युक्तिवाद टिकत नाही. मागे घेतो. आजी, उद्या काय झालं ते लिहा.

टाकबोरू

आणि ज्ञानेश्वरीचाच विषय निघालाय तर वैद्य-पोतदार प्रकरणाशी तिचाही संबंध आहे. तीनशे वर्षांत नकला करता करता लोकांनी तिच्यात पाठभेद आणि पदरच्या ओव्या घातल्या. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, जुन्या प्रती पाहून ती शुद्ध केली. आणि शेवटी बजावून ठेवलं की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. मराठीतल्या संपादकाने केलेली इतकी परखड ताकीद मला दुसरी माहीत नाही. नाथ स्वतः केवढे कवी! त्यांना ज्ञानदेवांची एखादी ओवी सफाईदार करणं काय अवघड होतं? तरी हात आवरला. भटजींच्या पोथीच्या बाबतीत वैद्यांना हे आठवायला हवं होतं.

जुनाजाणता

टाकबोरू, नाथांचा दाखला चपखल. तरी वैद्यांच्या बाजूने एक सांगतो. नाथांसमोर ज्ञानदेव होते, ज्यांच्या शब्दाला धक्का लावणं पाप. वैद्यांसमोर एक गरीब, अप्रसिद्ध भिक्षुक होता. त्या काळातल्या शिकलेल्या माणसाला वाटलं असणार की याची हकीकत मोलाची, भाषा मात्र सुधारायला हवी. साध्या माणसाची भाषा हीसुद्धा पुरावा आहे हे आपल्याला पटायला फार उशीर झाला. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं. त्यातल्या बोलीला जो हात लावू पाहील त्याला आज आपण सगळे मिळून अडवू. १९०७ मध्ये भटजींसाठी अडवणारं कुणी नव्हतं.

मातीचाघडा

बोलीवरून. मी उद्धव शेळक्यांची 'धग' वाचतोय. संवाद वऱ्हाडी. पहिल्या दहा पानांत बरेच शब्द अडले, मोठ्याने वाचायला लागलो आणि गाडी सुटली. कौतिक नावाची बाई गरिबीच्या विरोधात एकटी उभी आहे आणि घरातला कर्ता पुरुष हातपाय गाळून बसलाय. तिचं बोलणं प्रमाण मराठीत आणलं असतं तर कौतिक मेलीच असती. बस, एवढंच. पुढे वाचायला भीती वाटते तरी वाचतोय.

दूरदेशी

मला आता माझ्या प्रश्नाचं उत्तर अर्धं मिळालं. कर्णाच्या बाबतीतही हेच आहे ना! भांडारकर संस्थेने १९१९ पासून महाभारताच्या किती तरी हस्तलिखितांचा ताळा घेतला आणि १९६६ मध्ये संशोधित आवृत्ती पुरी केली. स्वयंवरात 'सूतपुत्राला वरणार नाही' असं द्रौपदी म्हणते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण ते त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही, तळटीपांत गेलंय. म्हणजे कुणीतरी, कधीतरी, ते वाक्य द्रौपदीच्या तोंडी घातलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण माझ्या मनातला कर्णाचा सगळा अपमान त्या एका वाक्यावर उभा होता.

पण सकाळी पुन्हा 'मृत्युंजय' उघडलं आणि लक्षात आलं की ते वाक्य ज्याने घातलं त्यालाही कर्णाचं दुःख दिसलं होतं. त्या अनाम माणसाचा मला राग येत नाही. सावंत त्याच वाटेने पुढे गेलेत. फरक इतकाच की सावंतांनी पुस्तकावर स्वतःचं नाव घातलंय.

अर्धविराम

दूरदेशी, हा शेवटचा मुद्दा फार आवडला. नाव घालून लिहिलं तर कादंबरी, न सांगता दुसऱ्याच्या पोथीत घुसवलं तर नरोटी.

बोरूबहाद्दर

मी विरोध करून निघून गेलो होतो, पण रोज येऊन वाचतोय. तेव्हा माझंही एक अर्धं पुस्तक नोंदवतो.

'कोसला' दुसऱ्यांदा वाचतोय, मध्ये पंचवीस वर्षं गेली. पहिल्यांदा वसतिगृहात वाचलं होतं, पांडुरंग सांगवीकरच्या वयाचा असताना. तेव्हा आम्ही मित्र त्यातली पानंच्या पानं एकमेकांना वाचून दाखवून हसायचो. त्याचं ते सगळ्याला 'उदाहरणार्थ' लावून बोलणं आमच्या तोंडात बसलं होतं. १९६३ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा नेमाडे पंचविशीत होते, हे तेव्हा आम्हाला मोठं धाडस वाटायचं.

आता पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूवर येऊन थांबलोय. (हे सांगितल्याने कुणाचा रसभंग होऊ नये, पुस्तक साठ वर्षांचं आहे.) पहिल्या वेळी हा भाग मी भरभर ओलांडला होता, पुढची गंमत गाठायला. या वेळी पुढे सरकताच येत नाही. ज्या माणसाला कशाचंच काही वाटत नाही असं आपण धरून चाललो होतो, त्याच्या त्या तुटक वाक्यांच्या मागे काय होतं ते आत्ता दिसतंय. मध्यंतरी आमच्या घरातही एक मृत्यू होऊन गेला. पुस्तक तेच आहे. पूर्ण घडवलेला आकार असतो असं मी वर म्हटलं, ते आता तितक्या ठामपणे म्हणवत नाही.

उंबरठा

बोरूबहाद्दर, तुमच्या घरातल्या दुःखाबद्दल वाईट वाटलं. तिथे थांबलात तर थांबा. पुस्तक कुठे जात नाही.

झुळूक

उंबरठा आजींना अनुमोदन.

दूरदेशी

बोरूबहाद्दर, अगदी तिथेच मीही थांबले होते. इतकंच सांगायचं होतं.

अर्धविराम

'रारंगढांग'मधल्या ज्या वरिष्ठांवर मी चिडलो होतो त्यांच्यापैकी एकाबद्दलचं माझं मत कालच्या तीस पानांत पार फिरलं. कुणाबद्दल, ते सांगत नाही. बाकीच्यांवरचा राग कायम आहे.

निळीशाई

'पाडस'ची शेवटची वीस पानं उरलीत. रुमाल ठेवलाय. दोन दिवस उघडलेलं नाही.

रातकिडा

'रणांगण' संपलं, काल पहाटे. चष्मिष्ट, तुमचं तोडलेलं वाक्य मला आता पूर्ण करता येतं. आज काही लिहिणार नाही.

चष्मिष्ट

नका लिहू. आलात हे पुरे.

पानखूण

बऱ्याच दिवसांनी येतेय. जुनाजाणता काकांनी सांगितलेली पोतदारांची प्रत एका ग्रंथालयातून मिळवली. आता दोन्ही प्रती समोर आहेत.

सुरुवातीला मी दोन्हींची ओळ न् ओळ ताडून बघत होते, कुठे काय बदललं, कुठे काय गळलं. दोन रात्रींत थकले. मग ते सोडलं आणि नुसती भटजींची प्रत घेऊन पहिल्यापासून निघाले. वेग फार कमी आहे. वैद्यांच्या प्रतीत मी रात्री तीस पानं वाचत होते, इथे आठ-दहा होतात. वाक्य कुठे संपतं ते शोधावं लागतं, एखाद्या जुन्या शब्दापाशी खोळंबावं लागतं. उंबरठा आजींचं वाचून मीही मोठ्याने वाचायला लागले, तेव्हा जरा सोपं झालं. मोठ्याने वाचलं की हा माणूस ओसरीवर बसून सांगतोय असं वाटतं आणि वाक्य आपोआप सुटतं.

वैद्यांवर मी रागावले होते, तो राग उतरलाय. त्यांची प्रत नसती तर मी झाशीपर्यंत पोचलेच नसते, आणि झाशीपर्यंत पोचले नसते तर ही दुसरी प्रत शोधायला निघाले नसते. पण पाण्याचा प्रसंग मी वैद्यांच्या प्रतीत वाचलेला नाही. तिथे खूण घालून ठेवलीय. तो भटजींकडूनच ऐकायचा आहे.

सध्या आम्ही महूच्या अलीकडे आहोत. त्याला अजून कसलीच बातमी नाही.